मोतीरामने जालन्याहून आणलेला हेडफोन

देऊळगाव राजाच्या पोस्टात मी नऊ वर्षं खिडकीवर बसलो. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचं लायसन लागे आणि ते दर वर्षी पोस्टातून नवं करून घ्यावं लागे. त्यामुळे गावात कोणाकडे रेडिओ आहे आणि कोण चोरून वाजवतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसे. चोरून वाजवणाऱ्याला मी भर रांगेत नाव घेऊन हाक मारायचो. आमची ही म्हणायची, तुमच्या तोंडाला फडकं बांधायला पाहिजे. मला तेव्हा ते कौतुक वाटायचं.

मोतीराम रेडिओवाला माझा भिंतीला भिंत शेजारी. माळ्याच्या घरातला. त्याचे भाऊ मळ्यात वांगी-मिरच्या काढायचे. हा तेवढा पोरवयात पळून पलटणीत गेला, तारायंत्राच्या खात्यात पाच वर्षं काढली आणि कानाचा तिखट होऊन परत आला. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. रेडिओ टेबलावर ठेवला की आधी तो नुसता कान लावून बसे, आणि बहुतेक वेळा उघडायच्या आधीच त्याला दुखणं कळलेलं असे. मात्र गिऱ्हाइकाने विचारलं, "काय झालं होतं बाप्पा याले?" तर उत्तर एकच, "झालं आता." दिवसाकाठी तो पन्नास शब्द बोलत असेल तर ते मी जास्तच धरतो.

त्याचा धंद्यातला एक नेम होता. चालू असलेली वस्तू तो उघडत नसे. कोणी म्हटलं, आणलाच आहे तर आतून जरा झाडूनपुसून दे, तर हा म्हणे, "वाजून राह्यला ना? मंग राहू दे." हा नेम मला पटायचा. आता आठवला की अंगावर काटा येतो.

त्याची बायको गोजरबाई त्याच्या अगदी उलट. ही बाई बोलायला लागली की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं, आणि हसायला लागली की पलीकडचं कुत्रं उठून बसायचं. लग्नाला पंधरा वर्षं झालेली. घरात मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं एक, मुलगा, पण तिसऱ्या दिवशीच गेला. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बापाने एकट्याने जायचं, पुरून यायचं, आणि ती जागा आईला सांगायची नाही, अशी त्यांच्या घरातली रीत होती. बाईला जागा कळली की तिचा जीव तिथेच घुटमळतो आणि पुढची कूस उजवत नाही, असं मोतीरामच्या आईचं म्हणणं. गोजरबाईने विचार विचार विचारलं. मोतीराम म्हणाला, "इसरलो." बारा वर्षं त्याने तेच सांगितलं. पुढे कूस उजवली नाही ती नाहीच. मग या रीतीचा उपयोग काय झाला, हे त्या म्हातारीला विचारायला पाहिजे होतं, पण तोवर तीही गेली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली त्या सालच्या थंडीत गोजरबाईला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ती नुसती अंथरुणाला चिकटून होती. उठली तेव्हा कानांवर जाड पडदा पडल्यासारखं झालेलं. भांडं पडलं तर कळायचं, हाक मारली तर नाही. मोतीरामने तिला जालन्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सांगितलं की नस सुकत चालली आहे, जे थोडं उरलंय तेही वर्षा-दीड वर्षात जाईल. परत येताना एसटीत मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. गोजरबाई खिडकीतून सारखी बाहेर बघत होती, आणि हा माणूस तिच्या कानाकडे बघत होता, बिघडलेल्या रेडिओकडे बघावं तसा.

पुढच्याच आठवड्यात तो सायकलवर जालन्याला गेला आणि एसटीने परत आला. जुन्या बाजारात लष्कराचा मोडीत काढलेला माल येत असे, त्यात त्याला एक हेडफोन सापडला होता. विमानवाल्यांचा, विलायती बनावटीचा, कानावर जाड चामड्याच्या गाद्या. पलटणीत असताना तसला हेडफोन फक्त साहेबाच्या डोक्यावर पाहिला होता, म्हणे. विकत घेताना पारखायचा कसा, तेही त्याने मला करून दाखवलं. वायरीचं एक टोक चाकूच्या पात्याला, दुसरं नया पैशाला, आणि पातं-पैसा दोन्ही जिभेवर टेकवायचे. जिभेच्या ओलीवर एवढीशी वीज तयार होते, आणि माल चांगला असेल तर तेवढ्यानेही कानात कट्ट असा आवाज येतो. जालन्याच्या भंगारवाल्याच्या दुकानात हा जिभेवर चाकू ठेवून उभा राहिला तेव्हा तिथे चार माणसं जमली. कट्ट वाजलं, आणि हेडफोनच्या बदल्यात सायकल तिथेच देऊन हा निघाला.

हेडफोन अर्धा मेलेला होता. एका कानातली पातळ पत्री गंजलेली आणि गादीचं चामडं उंदराने खाल्लेलं. मोतीरामने पत्री बदलली, चांभाराकडे बसून गाद्यांना मेंढीचं कातडं चढवलं. दोन्ही कान एकाच तारेत ओवलेले होते, एक तुटला की दुसराही मुका, त्यामुळे प्रत्येक जोड त्याने पुन्हा डाग देऊन पक्का केला. मग आपल्या घरच्या रेडिओला मागे, जिथे ग्रामोफोन जोडतात त्या दोन भोकांत, पलटणीतलाच एक जुना माईक जोडला, कर्णा काढून टाकला आणि त्या जागी हेडफोन लावला. म्हणजे माईकमध्ये बोललेलं रेडिओतून मोठं होऊन थेट हेडफोनमध्ये. बाहेर सूं ऐकू येत नसे.

पहिल्या दिवशी त्याने मला बोलावलं होतं. साक्षीदार म्हणून बोलावलं असावं, नाहीतर मला कोण बोलावतंय. गोजरबाईच्या डोक्यावर हेडफोन चढवला, आणि हा माईक घेऊन तिच्याकडे पाठ करून बसला. तोंडाकडे बघून त्याला बोलताच येत नव्हतं, पंधरा वर्षं संसार करूनही. भिंतीकडे बघत म्हणाला, "गोजर, तव्यावर भाकर जळून राह्यली."

गोजरबाई उठलीच नाही. भाकरी जळत राहिली आणि ती दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून रडत राहिली. मीही डोळे पुसले, सांगायला लाज कशाला.

त्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी दुकान बंद केलं की तो तासभर तिच्याशी बोलायला लागला. हा मोतीराम. भिंत एक विटेची, मधे माझ्याकडे एक झरोका, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकायला नको म्हणून मी कधी उठून गेलो नाही, हेही सांगून टाकतो. तो पलटणीतलं सांगायचा, लहानपणी मळ्यात मोट हाकताना बैल विहिरीत पडला ते सांगायचा. कोणत्या गिऱ्हाइकाच्या रेडिओत पाल निघाली ते सांगायचा. ती इकडून विचारायची, "मंग? मंग काय झालं?" आणि तो परत भिंतीकडे तोंड करून पुढचं सांगायचा. बोलून झालं की एकदा मागे वळून तिच्या तोंडाकडे बघायचा. ती हसून म्हणायची, "हाव." मग तो उठायचा.

वैशाखात, आखाजीनंतर, तिचं "मंग काय झालं" कमी झालं. ती नुसती "हाव" म्हणायला लागली. माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, बाईला आता नवलाई राहिली नाही, नवऱ्याचं बोलणं रोजचं झालं. माणूस आपल्या घरावरून दुसऱ्याच्या घराचा अंदाज बांधतो.

आषाढात एका संध्याकाळी मोतीराम माईकची वायर बोटाला गुंडाळत आणि सोडत बसला होता. मी त्यांच्या दाराशी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, आणि त्याची पाठ बघून तिथेच थांबलो. मग तो बोलायला लागला.

"गोजर, तू मले इचारत होती, लेकरू कुठं ठेवलं. मी म्हणलो, इसरलो. इसरलो नोहतो. नदीच्या धुन्याच्या घाटावर, वरच्या अंगाले, तो वाकडा हिवर हाय ना, त्याच्या बुडाशी ठेवलं. तू शिवेल आंगडं घातलं होतं त्याच्या आंगात. मी दरसाली जातो तिथं. मायनं सांगू देल्लं नाही. मंग माय गेली, तवा तं सांगाले पायजे होतं, पन तोंड उघडत नोहतं. तुहे कान जाऊन राह्यले, म्हून सांगतो. तुले राग आला असन तं सांग."

तो वळला. गोजरबाई त्याच्याकडे बघत होती. ती हसली आणि म्हणाली, "हाव."

मी पाऊल न वाजवता परत आलो. दर सोमवारी ती बाई त्याच घाटावर धुणं धुवायची, त्या हिवराच्या झाडाखाली धुण्याचे पिळे ठेवायची. बारा वर्षं. आणि ऐकून हसली. मला वाटलं, काय ही बाई आहे, किती मोठं काळीज आहे हिचं. दुसऱ्या दिवशी मोतीराम पोस्टात आला, काम काहीच नव्हतं. खिडकीत वाकून म्हणाला, "मास्तर, तिनं माफ केलं मले." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब सुखाचं वाक्य. त्या महिन्यात तो गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलायला लागला.

श्रावणात नदीला मोठा लोंढा आला. वरच्या अंगाचा सगळा काठ कापून नेला आणि हिवर मुळासकट गेला. मोतीराम दोन दिवस दुकान बंद ठेवून घाटावर बसून होता. मी जाऊन शेजारी बसलो. तो म्हणाला, "ती आली नाही पाहाले. तिच्यानं पाहवत नसन." मलाही तसंच वाटलं.

बालाजीच्या जत्रेच्या दिवसांत गावात रेडिओंचा पूर येतो. दूरदूरच्या खेड्यांतले लोक दर्शनाला येताना बिघडलेला रेडिओ काखेत घेऊन येत. त्या गर्दीतही मोतीरामने संध्याकाळचा तास चुकवला नाही. अशाच एका संध्याकाळी मी प्रसादाच्या लाह्या द्यायला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी सांगण्यात रंगला होता. मागे चुलीवरचं दूध वर आलं, तशी गोजरबाई हेडफोन खाटेवर ठेवून पळाली. मला थट्टा सुचली. म्हटलं, आपण डोक्यावर घालून बसावं, हा वळला की "हाव" म्हणावं.

घातला. आत काहीच नव्हतं. तो बोलत होता, त्याचे खांदे हलत होते, आणि माझ्या कानांत विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता. मी वायर हलवून पाहिली, डोक्यावरचा दांडा दाबून पाहिला.

"मोतीराम," मी मोठ्यांदा म्हणालो, "हे तर बंद आहे रे."

तो वळला. त्याच क्षणी मला चुलीपाशी उभी असलेली गोजरबाई दिसली. हातात दुधाचं पातेलं होतं आणि ती माझ्या डोक्यावरच्या हेडफोनकडे बघत होती. तिने मान हलवली, नको, नको अशी. एवढी बारीक हलवली की मोतीरामला दिसली नाही. मला दिसली, पण माझं बोलून झालं होतं.

मोतीरामने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला. जिभेवर चाकू आणि पैसा ठेवून पाहिला. मग स्क्रू काढले. डाव्या कानाच्या आत, केसाहून बारीक तार जिथे जोडली होती तिथे ती तुटली होती, आणि तुटल्या टोकांवर हिरवं साचलं होतं. बायकांच्या डोक्याला तेल असतं, ते घामाबरोबर गादीतून झिरपत गेलं होतं. याचा विचार ना त्या विलायती बनवणाऱ्याने केला होता ना मोतीरामने. तो भिंग लावून त्या हिरव्याकडे बघत राहिला. किती दिवसांत किती हिरवं चढतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "हे आखाजीच्या टायमाचं हाय."

मी आषाढाचा हिशेब मनात केला आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो, आणि तेही उशिरा.

तरी त्याला एक आशा होती. दोष हेडफोनमध्ये निघाला म्हणजे कान अजून शाबूत असतील, असं त्याने धरलं. जत्रेचे सगळे रेडिओ बाजूला सारून तो आठ दिवस त्या एका तारेवर बसला. जालन्याहून तसाच एक फुटका नग मागवला, त्यातली तार उलगडून नवीन गुंडाळली, तीनदा तुटली, चौथ्यांदा टिकली. गादीखाली मेणकापड घातलं. मग स्वतःच्या कानाला लावून पाहिला, मला दिला. माझा श्वाससुद्धा मला वादळासारखा ऐकू आला. इतका चांगला तो विलायतेतून निघतानाही वाजला नसेल.

गोजरबाई खाटेवर बसली. त्याने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला, रेडिओचा आवाजाचा कान पूर्ण पिळला. या वेळी तो भिंतीकडे वळला नाही. माईक तोंडासमोर असा धरला की ओठ झाकले जातील, आणि तिच्याकडे बघत विचारलं, "गोजर, तुह्या मायचं नाव काय?"

ती हसली. म्हणाली, "हाव."

त्याने परत विचारलं. तिने परत मान डोलावली. मग त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिचं हसू उतरत गेलं. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आवाजाचा अंदाज तिला राहिला नव्हता, म्हणून ती गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

"पह्यले ते बंद पडलं. मंग कानच बंद पडले. मी सांगतलं नाही. पंधरा वर्सात तुमी माह्यासंग कवा बोलले होते? बंद पडलं म्हणलं असतं तं तुमी उठून दुकानात गेले असते. काय बोलता ते नाही समजे. पन बोलून राह्यले, एवढं समजे. पाठ हाले तुमची."

मोतीरामने माईकची वायर काढली, गुंडाळली आणि उठून दुकानात गेला. रागाने गेला नाही. मी त्याचा चेहरा पाहिला, त्यात राग कुठेच नव्हता. ज्या दिवशी आपल्याला माफी मिळाली असं तो धरून चालला होता, तो दिवस त्याच्या हातून गेला होता, आणि त्या दिवसाच्या जागी काय ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. ती जागा दाखवावी तर तिथे आता पाणी होतं.

त्यानंतर तो बोलला नाही. गोजरबाईला जी भीती होती तेच झालं. संध्याकाळी ती खाटेवर बसायची, हेडफोन डोक्यावर घालून, दाराकडे बघत. दुकानातून डाग देण्याच्या राळेचा वास यायचा. झरोक्यातून मला काही ऐकू येईनासं झालं. आमची ही मला काही बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पौषात एका दुपारी मी पोस्टातून जेवायला घरी आलो तर गोजरबाई माझ्या पायरीवर बसलेली. मोतीराम कोणाचा तरी रेडिओ पोचवायला खेड्यावर गेला होता. तिने मला बसायची खूण केली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले तं भितीपल्याड आयकू येत असन. ते काय बोलत होते एवढे दिवस?"

मी पोस्टातला माणूस. अर्ध्या गावाची पत्रं मी लिहून दिली आणि वाचून दाखवली. या बाईला ऐकू येत नव्हतं आणि वाचता येत नव्हतं. बैलाची गोष्ट, पालीची गोष्ट, सगळं माझ्याजवळ होतं आणि त्यातलं एकही देता येत नव्हतं. मग मी दोन्ही हात जोडून पाळण्यासारखे केले आणि हलवले.

ती पायरीवर पुढे सरकली.

मी नदीकडे बोट दाखवलं. मग हात वर करून मनगट वाकडं केलं.

"हिवर?" ती म्हणाली.

मी होकाराची मान डोलावली. तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले, धुणं धुवून सालटलेले.

"वाहून गेला तो," ती म्हणाली. "मी तिथं पिळे ठेवत होती." मग म्हणाली, "हे त्यायनं मले सांगतलं? हेडफोनात?"

मी परत मान डोलावली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं.

"मंग मी काय केलं तवा, भाऊ?"

मी बोट डोळ्याखाली टेकवलं आणि गालावरून खाली हनुवटीपर्यंत ओढलं. मग दुसऱ्या डोळ्याखाली टेकवलं आणि तसंच ओढलं.

"मंग बरं," ती म्हणाली. पदर डोक्यावर सारखा केला आणि उठून घरात गेली.